शेवग्या आणि खो-खोचा नियम

माझ्या साडूंइतका नियम पाळून नुकसानीत गेलेला माणूस उभ्या आखातात दुसरा नसेल. फुजैराच्या एका तेल टर्मिनलवर ते सेफ्टी इंजिनिअर होते, आणि ती शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरच्या दोन पायऱ्याही ते कठडा धरून चढत. एका साखरपुड्याला स्टेजच्या पायऱ्यांना कठडा नव्हता, तर ह्यांनी आहेराचं पाकीट खालूनच नवरदेवाच्या हातात दिलं. गाडी लावायची ती नेहमी रिव्हर्समध्ये, संकट आलं तर तोंड बाहेर हवं म्हणून. सकाळच्या रिकाम्या बीचवर चिटपाखरू नसलं तरी चाक पांढऱ्या रेषेवर आलं की गाडी काढून पुन्हा लावायची, आणि आम्ही आत घामाघूम. पुढे कंपनीने माणसं कमी करायचं ठरवलं तेव्हा पहिला नारळ मिळाला तो ह्यांनाच. हेल्मेटचा पट्टा कधी न लावणारे महाभाग अजून तिथे मजेत आहेत. साडूभाऊंची गाडी त्या दिवशीही तोंड बाहेर करूनच उभी होती.

त्यांची बायको आणि मुलगा आधीच पुण्याला परतले होते. सोबत उरला होता तो शेवग्या. टर्मिनलच्या गेटपाशी सापडलेलं हे पिल्लू आईकडून अरबांच्या शर्यतीच्या कुत्र्यांतलं, बापाचा पत्ता नाही, आणि अंगाने शेवग्याच्या शेंगेइतकं भरलेलं. व्हिसा संपत आला तसा साडूभाऊंनी माझ्यासमोरच मुलाला व्हिडिओ कॉल लावला. "शेवग्याला आणू का रे तिकडे?" मुलगा म्हणाला, "डॅड, बी प्रॅक्टिकल. जस्ट लीव्ह हिम देअर." ज्याच्या शिक्षणासाठी हा माणूस इथल्या उन्हात वर्षानुवर्षं भाजला, त्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. साडूभाऊ नुसतं "बरं" म्हणाले.

मग त्यांनी डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्या अरब शेतमालकाला गाठलं. त्याच्याकडे पळणारी कुत्री होती. खऱ्या सशाची शिकार इथे बंद, म्हणून हे लोक सशाचं कातडं दोरीला बांधतात, मोटरने ओढतात आणि कुत्री मागे सोडतात. म्हाताऱ्याने शेवग्याचे पाय चाचपून पाहिले. "सीधा तो सब भागता है, मुहंदिस," तो म्हणाला; इंजिनिअरला इथे मुहंदिसच म्हणतात. "खरगोश मुड़ता है. ये मुड़ेगा तो मैं रखेगा." म्हणजे त्या मुक्या जिवाचं घर आता एका वळणावर येऊन ठेपलं होतं.

साडूभाऊ तरुणपणी मिरजेत खो-खो खेळत. चपळाई म्हणजे खो-खो, ह्यापलीकडे त्यांना जगात काही ठाऊक नव्हतं. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी दोन पाइप रोवले, पंच्याची गुंडाळी करून तिचा ससा केला, आणि तो हातात धरून साठीला टेकलेला हा गृहस्थ रोज पहाटे हुलकावण्या देत पळू लागला. शेवग्या वाऱ्यासारखा मागे यायचा. पण साडूभाऊ मध्येच उलटे फिरले आणि कुत्राही फिरला, की शिट्टी वाजायची. "फाऊल!" एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलायची नाही, हा पाठलाग करणाऱ्याचा नियम. त्याला आधी बसवायचं, मग पाठीमागून थाप मारून खो द्यायचा आणि पुन्हा सुरुवात. मी म्हटलं, "साडूभाऊ, ससा कुठे नियम पाळणार आहे?" ते दम खात म्हणाले, "नियम सोडून पकडलं, तर तो बाद धरत नाहीत." शेवग्या हुशार होता. थोड्याच दिवसांत तो फाऊल करेनासा झाला.

परीक्षेच्या सकाळी साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मोटर सुरू झाली, "यल्ला" झालं, आणि शेवग्या सगळ्या कुत्र्यांच्या पुढे निघाला. साडूभाऊंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. अर्ध्यात कातडं गर्रकन उलटं फिरलं. बाकीची कुत्री धूळ उडवत त्याच्यामागे वळली. शेवग्या नाही वळला. तो तसाच सरळ कुंपणाच्या टोकाच्या खांबापर्यंत गेला, खांबाला नीट वळसा घालून परत आला आणि साडूभाऊंच्या पायाशी पाठ करून बसला, खोची वाट बघत. म्हातारा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "खलास, मुहंदिस. शरीफ कुत्ता है. शरीफ का मैं क्या करेगा?" परतीच्या वाटेवर साडूभाऊ खोर फक्कानचा बोगदा ओलांडल्यावर म्हणाले, "फाऊल मात्र एकही केला नाही हो त्याने." हसावं की रडावं, मला कळेना. राग आला होता एवढं खरं, आणि तो कुत्र्यावर नव्हता.

शेवग्या आता आमच्याकडे असतो. निघताना साडूभाऊंनी त्याला अंगणात "बस" म्हणून सांगितलं आणि ते एअरपोर्टला गेले. तेव्हापासून तो रोज सकाळी त्याच जागी, फाटकाकडे पाठ करून बसतो. मी मागून थाप मारून "खो" म्हणतो. तो मान वळवून हात कुणाचा ते पाहतो आणि पुन्हा समोर बघायला लागतो.

शुक्रवारी साडूभाऊंचा फोन येतो. मेहुणी सांगते की ते दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असतात. मी म्हणतो, "साडूभाऊ, जरा बाहेर पडत जा." ते म्हणतात, "कुणी बोलावलं तर जाईन की." मग विचारतात, "तुम्ही खो दिला की उठतो ना हो तो?" उठतो, असं मी त्यांना सांगतो.