फेलिसाचे गार हात

आमच्या लॉस बान्योस गावात फेलिसाच्या हाताला गुण आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत. ज्याच्या हातून झाड जगतं त्याचे हात गार आणि ज्याच्या हातून मरतं त्याचे गरम, अशी आमच्याकडे सरळ वाटणी असते. फेलिसा गार हातांची. तिचा नवरा दोरो जीपनी, म्हणजे आमच्याकडची भाड्याची प्रवासी गाडी, चालवायचा आणि त्याचे हात गरम, हेही गावाला माहीत होतं, कारण ते फेलिसानेच गावाला सांगितलं होतं. लग्न झाल्या झाल्या त्याने तिच्या आईने दिलेल्या नेच्याला हात लावला आणि तो नेचा वाळला, एवढ्यावरून.

"दिवसभर इंजिनाशी खेळतो, हात तव्यासारखे तापलेले," ती म्हणायची. "माझ्या झाडांपासून लांब राहायचं." दोरो हसायचा आणि लांब राहायचा. कोणी विचारलं तर आपले तळवे पुढे करून स्वतःच सांगायचा, बघा, चटका बसेल. बायकोपुढे शहाणपण पाजळणारा माणूस नव्हता तो.

मी त्यांची शेजारीण. माझी खाणावळ त्यांच्या कुंपणाला लागून आहे. पहाटे लसूण घालून भात परतायला उभी राहिले की त्यांचं अंगण समोर दिसतं. अंगण कसलं, जंगलच होतं ते. डोंगरातले, दुसऱ्या बेटांवरचे, कुठले कुठले नेचे-वेल तिथे सुखाने नांदत होते. माझ्याकडे मात्र साधी मिरची धड जगत नाही. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा.

दर फेब्रुवारीत आमच्याकडे झाडांचं मोठं प्रदर्शन भरतं. लांबलांबचे लोक दुर्मीळ झाडं घेऊन येतात आणि तंबू ठोकून विकायला बसतात. तिथे फेलिसाचा थाट बघावा. प्रत्येकाला तिच्याच हातची भवानी हवी असायची. तिच्या हातून पहिली नोट आली की विकणारा ती कपाळाला लावणार, मग सगळ्या कुंड्यांवरून टपटप आपटत नेणार, म्हणजे दिवसभर माल खपतो. त्यापायी तिला एरवी परवडणार नाहीत अशी झाडं निम्म्याहून कमी किमतीत मिळायची. "आलिंग फेलिसा, आधी इकडे या," असं 'आलिंग', म्हणजे मावशी, लावून मानाने बोलावणं यायचं. ही छत्री घेऊन महापौरांच्या बायकोसारखी पुढे, आणि पिशव्या धरून मी मागे.

मागच्या जूनमध्ये दोरो गेला. जीपनीच्या थांब्यावर गाडीतच छातीत कळ आली आणि संपलं. त्यानंतर फेलिसाची झाडं मरायला लागली. ती तर पूर्वीपेक्षा जास्त जीव लावत होती. संध्याकाळी झारी घेऊन एकेका झाडाशी बोलत पाणी घालायची. तरी देठ काळे पडले, पानं मऊ होऊन लोंबली. नाताळापर्यंत अंगण मोकळं झालं आणि कुंपणाशी पालथ्या कुंड्यांची रास लागली. दुःखाने हात तापतात, असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या. फेलिसालाही ते पटलं. नवऱ्याबरोबर हातही गेले, असं ती एकदाच म्हणाली.

यंदा प्रदर्शन सुरू झालं तेव्हा मला वाटलं ही जाणार नाही. पण ती म्हणाली, चल, मात्र दुपारच्या जेवणानंतर. सकाळी गेलं आणि चुकून कोणाची भवानी तिच्या हातून झाली तर त्या बिचाऱ्याचं वाटोळं व्हायचं, अशी तिला धास्ती. वाटेत तिने मला सरळ सांगितलं, "एकच झाड घेणार, चारिंग. हे जगलं तर जगलं. मेलं तर त्या कुंड्या तू घेऊन जा आणि कांदे लाव." ती चिडून बोलत नव्हती. ठरवून टाकलेलं होतं तिने.

आत शिरल्यापासून ती कशालाही हात लावेना. हात छत्रीच्या दांड्याला घट्ट धरलेले. सकाळी का नाही आलात, म्हणून जो तो विचारत होता आणि ती डोकं दुखत होतं असं सांगत होती. रंगीत पानांची आळवं विकणारी लेती तर रुसलीच. उद्याची भवानी तुमच्याच हातची, असं म्हणून तिने फेलिसाचे पाय धरायचे बाकी ठेवले.

शेवटी आम्ही आबदोनच्या तंबूपाशी आलो. हा दावावचा, दक्षिणेचा माणूस. वर्षातून एकदा या प्रदर्शनालाच येतो. त्याच्याकडे वालिंग-वालिंग असते, आमच्याकडची सगळ्यात मानाची ऑर्किड. तिची फुलं दिसली की माणूस पाकीट विसरतो. पण फुलायचा हंगाम पावसाळ्यात. फेब्रुवारीत नुसती हिरवी पट्ट्यांसारखी पानं आणि लाकडी टोपलीतून खाली लोंबणारी मुळं. फेलिसाने बराच वेळ बघून एक लहानसं रोप निवडलं आणि नोट पुढे केली.

आबदोनने नोट कपाळाला लावली आणि एकेका टोपलीवर आपटत निघाला. फेलिसाचा चेहरा उतरला.

"हे काय करतोस? भवानी झाली नाही तुझी अजून?"

"कुठली? सकाळपासून कुत्रं फिरकलं नाही. फूल नाही तर लोकांना झाड दिसत नाही. बरं झालं तुम्ही आलात."

ती नोट परत घ्यायला धावलीच. दुसऱ्या कोणाचा तरी पैसा आधी घे, मी थांबते, असं काहीबाही बोलायला लागली. आबदोनला काही कळेना. मग तिला सांगावंच लागलं की हातात गुण राहिला नाही, घरातली सगळी झाडं गेली.

"गेली कशी?" त्याने विचारलं. "वाळून की कुजून?"

"कुजून. देठापासून काळी पडून."

"मग कुया दोरो काय करत होते?" आबदोन म्हणाला. कुया म्हणजे आमच्याकडे दादा. "त्यांना तर सगळं पाठ आहे."

दोरोचा इथे काय संबंध, असं फेलिसाने विचारलं, तेव्हा तो माझ्याकडे बघायला लागला. दोरो गेला हे मी त्याला सांगितलं. त्याने छातीवर क्रूस केला आणि खोक्यावर बसला. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मलाही बसावंसं वाटलं.

फेलिसा झाड घेऊन गेली की दुसऱ्या दिवशी दोरो यायचा. दरवर्षी. जीपनी फाटकाबाहेर लावून गुपचूप आबदोनकडेच यायचा, तिने कुठूनही घेतलेलं प्रत्येक झाड कसं ठेवायचं ते विचारायचा. त्याची अडचण एकच होती. बायको संध्याकाळी पाणी घालते, मायेने घालते, आणि फार घालते. तिला अडवता येत नाही, तर सकाळी उठून आपण काय करावं? आबदोनने त्याला शिकवलं होतं की बशांमधलं साचलेलं पाणी ओतून टाकायचं, पानांच्या बेचक्यात उभं राहिलेलं पाणी फडक्याने टिपायचं आणि झाड वाऱ्याला सरकवून ठेवायचं. ती उठायच्या आत परत जागेवर.

"मी एकदा म्हटलं त्यांना, आलिंगना सांगून टाका की," आबदोन म्हणाला. "तर म्हणाले, नको रे. हात गार आहेत म्हणून ती खूश असते. माझं काय जातंय वाकायला?"

मी दोरोला वाकलेलं रोज बघत होते. पहाटे जुना बनियन हातात घेऊन तो कुंड्यांमधून फिरायचा. काय करतोस, विचारलं की म्हणायचा, गोगलगायी वेचतोय. बायकोने कामाला लावला असेल, असं मला वाटायचं.

फेलिसाला आधी राग आला. "म्हाताऱ्याने जन्मभर मला वेड्यात काढलं," असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना ती तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, रडली. मी छत्री आडवी धरली. रडून झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि आबदोनला म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग. त्याला सांगितलंस तसं." त्याने सांगितलं. तिने परत सांगायला लावलं. परीक्षेला बसल्यासारखी पुटपुटत होती.

एवढ्यात तंबूपाशी गर्दी झाली होती. फेलिसाने फूल नसलेलं झाड घेतलं म्हणजे त्यात काहीतरी असणार, असा लोकांचा हिशेब. आबदोनच्या टोपल्या भराभर उतरायला लागल्या. लेती समोरून ओरडली, बघा, गार हाताची भवानी! फेलिसा वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात माझे नव्हते. दोरोचे होते. माझी झाडं त्याने जगवली." सगळे हसले. आलिंग फेलिसांचा विनय, असं कोणीतरी म्हणालं. लेतीने उद्या सकाळी लवकर या म्हणून परत बजावलं.

त्याला आता तीन महिने होतील. वालिंग-वालिंग पेरूच्या फांदीला टांगलेली आहे. फेलिसा तिला पहाटे पाणी घालते आणि बेचकी टिपते. मुळांना हिरवी टोकं फुटलीत. गाव म्हणतं, बघा, दुःख ओसरलं, हात परत गार झाले. ती भेटेल त्याला खरं काय ते सांगते आणि कोणी मानत नाही. दोरोचे हात गरम, हे तिनेच इतक्या वर्षांत गावाच्या डोक्यात पक्कं बसवलंय.

परवा माझ्याकडे जेवायला बसली होती. शेजारच्या बाकावर दोरोच्या थांब्यावरचा एक जुना ड्रायव्हर होता. तिने त्यालाही सांगितलं. तो हसत म्हणाला, "काय आलिंग, दोरोचे हात गार? तो तर स्वतः सांगायचा, माझे हात गरम आहेत म्हणून."

फेलिसाने चमचा खाली ठेवला.

"सांगायचाच तो," ती म्हणाली. "माझं खरं ठरावं म्हणून."