पुन्हा विचारू नका

घुग्घुसच्या मुख्य रस्त्यावर माझं इंटरनेटचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, एक पंखा आणि कोळशाची धूळ. सकाळी की-बोर्ड पुसला की दुपारी पुन्हा काळा. त्या धुळीपुढे मी हात टेकले होते, पण तारेतून येणारी घाण आत येऊ द्यायची नाही, हा माझा हट्ट होता.

कारणही तसंच घडलं होतं. तारेतून एक व्हायरस शिरला आणि तिन्ही मशीन सारख्या आपोआप बंद पडू लागल्या. कोणी फ्लॉपी घातली नव्हती, काही उघडलं नव्हतं. मशीन नुसत्या इंटरनेटला जोडलेल्या होत्या, एवढंच. चंद्रपूरहून एक जाणकार आला, त्याने फायरवॉल बसवून दिली आणि समजावलं: कॉम्प्युटरला हजारो दारं असतात, आपल्याला दिसत नाहीत. बाहेरून कोणी ना कोणी ती ढकलून बघत असतं. फायरवॉल त्या दारांवर पहारा देते. न बोलावता कोणी आलं तर आपल्याला विचारते, आणि आपण सांगू ते कायम लक्षात ठेवते.

विचारते म्हणजे किती विचारते! गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि दर दोन मिनिटांनी पडद्यावर तिचा प्रश्न. मी पार वैतागलो. प्रोग्रॅमचं नावही न वाचता 'येऊ देऊ नका' दाबायचं आणि खालच्या 'पुन्हा विचारू नका' वर खूण करायची, दिवसभर हेच केलं. संध्याकाळी प्रश्न थांबले, तेव्हा मोठा तीर मारल्यासारखा मिरवलो.

मोठा भाऊ तेव्हा आखातात वेल्डर होता. घरी फोन नव्हता. शुक्रवारी त्याला सुटी असे. दुपारी माय दुकानात येऊन कानाला हेडफोन लावून बसायची आणि तो तिकडून कॉम्प्युटरवरच कॉल लावायचा. टाइप करणं त्याला जमत नसे. व्हायरस येण्याच्या आदल्याच शुक्रवारी दोघांचं वाजलं होतं. मायने सिंदेवाहीची एक मुलगी पसंत केली होती, तो नाही म्हणाला. मायने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

पुढच्या शुक्रवारी मात्र ती आली. पडद्यावर भावाच्या नावापुढे हिरवा दिवा लागला. घंटी काही वाजली नाही.

"दिवा तं लागला हाये त्याचा. मंग काऊन बोलून नाई राह्यला?"

"मी लावू का?"

"नाई. आपुन नाई लावाचं. त्याले गरज असन तं थो लावन."

मलाही भावाचा राग आला होता. पाच शुक्रवार ती आली, धुतलेलं लुगडं नेसून, आणि तासभर त्या दिव्याकडे बघत बसली. सहाव्या शुक्रवारी आली नाही. मी आपला सवयीने आमचा दिवा चालू ठेवत राहिलो. दोन महिन्यांनी एका सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या माय गेली.

भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. रडला नाही. तेरवी झाल्यावर दुकानात आला आणि मायच्या खुर्चीत बसला.

"मी दर शुक्रवारी लावत होतो. तुमचा दिवा दिसे मले. मायनं एकदाबी नाई उचललं रे. एका पोरीपायी!"

मला काही कळेना. मग शंका आली आणि त्याच्यासमोरच फायरवॉल उघडली. आत न सोडलेल्यांची यादी ती ठेवत असे, मी ती कधी पाहिलीच नव्हती. दर शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला, लागोपाठ चार-पाच वेळा, भावाच्या कॉलचाच प्रोग्रॅम. माय समोर बसलेली असतानाही, आणि ती यायची थांबल्यावरही. प्रत्येक ओळीपुढे माझाच हुकूम होता.

"काय पाहून राह्यला?" भावाने विचारलं.

"काई नाई," म्हणालो आणि मॉनिटर माझ्याकडे वळवला.

ते दुकान बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. भाऊ दरवर्षी येतो. मायच्या फोटोला हार माझी बायको घालते, तो तिकडे बघतही नाही. मेलेल्या मायवर तो अजून रागावून आहे, आणि मी भित्रा माणूस, त्याला रागावू देतो.