सासूबाईंची लिफ्ट

माझे धाकटे दीर वाचनालयाच्या तळघरात दर रविवारी नवख्या लोकांना कॉम्प्युटरवरचे गेम बनवायला शिकवतात. प्रार्थनेहून परतताना मी त्यांचा डबा द्यायला जाते आणि थोडा वेळ मागच्या बाकावर टेकते. त्यातलं मला फारसं कळत नाही, पण प्रत्येक नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशीचं भावजींचं बोलणं आता पाठ झालं आहे.

"आज इथे जे बनवाल, ते आजच घरी कुणाला तरी खेळायला द्यायचं," ते सांगतात. "नुसता चौकोन हलत असेल तर चौकोन द्या. आणि ते माणूस खेळत असताना तुमचे दोन्ही हात पाठीमागे. बोट दाखवायचं नाही, कीबोर्ड ओढायचा नाही, समजावून सांगायचं नाही."

मग ते सगळ्यांना खरोखरच उभं करतात आणि हात पाठीमागे घ्यायला लावतात. चांगली मोठी माणसं शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी राहतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. एकदा एक नर्सबाई म्हणाल्या, "सर, मी पेशंटना असं उभं केलं तर माझीच तक्रार जाईल." भावजीही हसले. सगळ्यांना वाटतं, ही सरांची शिकवण्यातली एक गंमत आहे. ती कुठून आली हे आमच्या घरातल्यांनाच माहीत आहे.

माझ्या सासूबाई लिफ्ट चालवायच्या. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत जुनी लिफ्ट होती, जाळीच्या दाराची. आतासारखं बटण दाबून मोकळं व्हायचं असं तेव्हा नव्हतं. हँडल फिरवून लिफ्ट वर न्यायची आणि मजला आला की नेमक्या वेळी हँडल सोडायचं. जरा मागेपुढे झालं तर लिफ्टची फरशी मजल्याच्या वर नाहीतर खाली राहायची आणि उतरणारा ठेचकाळायचा. सासूबाईंची लिफ्ट मजल्याला अशी लागायची की पायांना कळायचंसुद्धा नाही. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्या फक्त एवढंच विचारायच्या, "कितवा?"

पुढे तिथे बटणांची लिफ्ट आली आणि सासूबाई घरी बसल्या. कुरकुर करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर हळूच फिरायचा आणि थांबायचा.

"आई, कुणाला वर नेतेस गं?" आमचे हे चिडवायचे.

"तुला नाही नेत. तू जड आहेस."

भावजी तेव्हा एका कंपनीत दुकानांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहायचे आणि घरी आले की गेम बनवायच्या गोष्टी करायचे. त्यांनी एकदा आईचा तो हात पाहिला. म्हणाले, "आई, तुझी लिफ्ट मी तुला कॉम्प्युटरवर करून देतो. घरात बसून चालव."

"आणि आत बसणार कोण?"

"माणसं पण करतो."

एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी पहिला गेम केला. मी तिथेच मटार सोलत बसले होते, त्यामुळे सगळं डोळ्यांपुढे आहे. काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन आणि काही आडव्या रेघा. बटण दाबून ठेवलं की चौकोन वर जायचा, सोडलं की जरा पुढे घसरून थांबायचा. रेघेला बरोबर लागला तर रेघ हिरवी व्हायची. बस, एवढंच. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. चौकोन एका रेघेपाशी थांबला, थोडा खाली.

"ठेचकाळला की रे तुझा साहेब," त्या म्हणाल्या. "सरक, मी बघते." आणि त्यांनी हात पुढे केला.

भावजींनी कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला. "थांब गं आई, हात नको लावूस. अजून कच्चं आहे. नीट झालं की देतो ना."

सासूबाईंनी हात मागे घेतला आणि पदराला पुसला, जणू काही लागलंच होतं हाताला. मग माझ्याशेजारी बसून मटार सोलायला लागल्या. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. मुलगा एवढं आईसाठी करतो आहे, ते छानच करून देईल ना, असंच मला वाटलं.

आणि छान करण्यातच सगळं अडलं. भावजींना नुसता चौकोन नको होता. जाळीचं दार उघडताना दिसलं पाहिजे, त्याचा खडखडाट ऐकू आला पाहिजे, लिफ्टमधल्या प्रत्येक माणसाला आपला चेहरा पाहिजे. त्यासाठी आधी इंजिन लिहावं लागेल म्हणाले. मी मोटारीचं समजले. त्यांनी समजावलं की गेम ज्याच्यावर उभा राहतो तो पाया म्हणजे इंजिन; तयार मिळतो, पण आपला आपण लिहिलेला बरा. पाया झाला तोवर बाजारात त्याहून चांगलं काही आलं, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. कंपनीतून आले की जेवायचे आणि खोलीत जाऊन बसायचे. आम्ही विचारलं की म्हणायचे, "सावल्या राहिल्यात फक्त."

त्याच सुमारास आमच्या घरासमोर एका इमारतीचा पाया खणायला घेतला होता. बघता बघता ती उभी राहिली, रंग झाला, लोक राहायला आले, बाल्कन्यांमध्ये कपडे वाळायला लागले.

"भाऊ, त्यांनी खरी बांधली रे," हे म्हणायचे. "तुझ्या इमारतीला परवानगी मिळाली नाही का अजून?"

सासूबाई मात्र चिडवायच्या नाहीत. "समोरच्यांची लिफ्ट चालू झाली वाटतं," एवढंच म्हणायच्या, खिडकीतून बघत. पुढे पुढे तेही म्हणेनाशा झाल्या. आपल्या मागे लागण्याने लेकाला घाई नको, असा त्यांचा विचार असावा. आणि मग त्या विसरायला लागल्या.

आधी गॅस बंद करायला, मग शेजारणीचं नाव. डॉक्टरांनी सांगितलं की हे आता वाढत जाणार, फक्त सावकाश जावं एवढंच बघायचं. भावजी त्या दिवशी दवाखान्यातून आले ते सरळ खोलीत गेले. कंपनीतून रजा घेतली आणि गेम जोडून पुरा केला. मी रोज देवापाशी एकच मागत होते, एवढं त्यांच्या हातून वेळेत होऊ दे.

झाल्यावर आम्ही सासूबाईंना कॉम्प्युटरपुढे बसवलं. खरंच सुंदर होतं ते. उंच इमारत, जाळीचं दार, दारातून आत येणारी माणसं, भिंतीवर सरकणाऱ्या त्यांच्या सावल्या. सासूबाई बघत राहिल्या. माणसं लिफ्टमध्ये शिरून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली, तशा त्या खुर्चीत मागे सरकल्या आणि माझा दंड धरला. "हे कोण लोक आहेत? आपल्याकडे का आलेत?"

भावजींनी लगेच पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते जुना चौकोन शोधत होते. तो कुठे नव्हता. नव्यावर नवं लिहिताना कधीच पुसून टाकला होता. मग त्यांनी तो पुन्हा लिहिला. सकाळी बसले आणि मी पोळ्या करून उठले तोवर झालासुद्धा. काळा पडदा, पांढरा चौकोन, आडव्या रेघा. मला म्हणाले, "वहिनी, एवढंच होतं हो ते."

सासूबाईंना आणून बसवलं. भावजींनी कीबोर्ड त्यांच्या पुढ्यात सारला आणि स्वतः दोन पावलं मागे जाऊन हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. सासूबाईंनी एक बटण दाबलं. चौकोन वर गेला, थांबला. रेघ हिरवी झाली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं नाही. हात मांडीवर ठेवला आणि मान वळवून भावजींकडे बघून छानसं हसल्या, पाहुण्याकडे बघून हसतात तशा.

"चांगलं केलंत हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईला दाखवलंत का?"

"दाखवतो," भावजी म्हणाले.

"दाखवा. बरं वाटेल त्यांना."

त्यानंतर सासूबाई फार दिवस राहिल्या नाहीत. जाताना त्रास झाला नाही, ही देवाची कृपा. पण भावजींसाठी देवाकडे काय मागावं, ते मला अजून सुचलेलं नाही. झालेलं माघारी आणून दे म्हणता येत नाही. तो मोठा गेम त्यांनी कुणालाच दिला नाही. वर्गात कुणी विचारलं, "सर, तुमचा गेम कुठे मिळेल?" तर म्हणतात, "माझा झाला नाही. तुमचा करा." मग छोटाच करा, इंजिन लिहीत बसू नका, जुनं काही पुसू नका, हे सगळं येतं. शेवटी पुन्हा हात पाठीमागे.

मागच्या रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा कॉलेजातली एक मुलगी सांगत होती, "सर, मी आजीला दिला. आजी म्हणाली, हे काय, नुसता ठिपका पळतोय. आणि मग उठेचना. मला म्हणते, तू जेवून घे, माझं चाललंय."

सगळे हसले. भावजीही हसले आणि तिच्या बाकापाशी आले.

"पहिल्यांदा तिने कुठलं बटण दाबलं?"

"आठवत नाही सर."

"हात कुठून पुढे आणला? उजवा होता?"

मुलगी गोंधळली. "मी बघितलं नाही, सर. मी मोबाइलवर होते."

"असू दे," भावजी म्हणाले. "पुढच्या वेळी बघून ठेव."