जगदेवरावांचे घडीचे चाकू

कृतज्ञता हा वाणीचा गुण आहे, असा आपला बहुधा समज असतो. उपकाराचा शब्दाने उच्चार केला की ऋण फिटले, असे मानून माणूस मोकळा होतो. आणि शब्द जितका अलंकृत, तितके ऋण अधिक फिटले, असेही त्याला हळूहळू वाटू लागते. आपल्या पूर्वजांची रीत निराळी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. त्याच्यापुढे उभे राहून भाषण कोणी करीत नाही. ज्या अंगाने आपला भार वाहिला त्या अंगाला स्निग्ध हात लावावा, एवढीच त्या कृतज्ञतेची भाषा. ती बोलणारी माणसे थोडी असतात, आणि ती बहुधा अबोल असल्यामुळे त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजारात, आमच्या शेजारी राहणारे जगदेवराव अशांपैकी एक होते.

त्यांचे घराणे दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. दिवाणखान्याच्या भिंतीवर ढाल आणि तिच्यामागे तिरप्या टांगलेल्या तलवारी होत्या. पण त्या तलवारींच्या सावलीत, खिडकीखाली, सागवानी पेटीत जगदेवरावांचे खरे धन असे. ते घडीचे चाकू होते. पाते मुठीत मिटते आणि खिशात सहज मावते, असे. त्यांचे थोरले चुलतभाऊ संभाजीराव घरी आले की त्या पेटीकडे पाहून म्हणत, "जगदेवा, तलवारींच्या घरात चाकू जन्माला आलास रे तू!" जगदेवराव हसून उत्तर देत, "दादासाहेब, तलवारीनं आंबा कापून दाखवा, मग बोलू."

या छंदाचा उगम त्यांच्या तारुण्यात आहे. संस्थानच्या पागेत ते नवे नवे रुजू झाले होते. एका सकाळी घोडा बुजला, जगदेवराव खाली आले, आणि पाय रिकिबीत अडकून ते फरफटत चालले. पागेतला म्हातारा नालबंद धावला. एका हाताने त्याने लगाम धरला, दुसऱ्या हातातल्या चाकूचे पाते दातांनी उघडले आणि रिकिबीचा चामडी पट्टा कापून टाकला. पाय वाचला. दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत जगदेवराव त्याचे आभार मानायला गेले, तेव्हा त्याने तोच चाकू त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "रख ले, बेटा. टाँग तेरी बची है, तो याद भी तू ही रखना." सांबरशिंगाची मूठ, रुंद पाते, आणि पाठीला घोड्याचे खूर उकरण्याचा आकडा. पेटीतला पहिला चाकू तो.

पुढे पागेत ते जमादार झाले आणि चाकूही वाढत गेले. मात्र बाजारातला कोरा चाकू त्यांनी कधी घेतला नाही. ज्याने कोणाचे तरी काम केले आहे आणि ज्याचे काम आता संपले आहे, तोच चाकू ते मागून घेत. टाकाची पोलादी निबे आली आणि बोरू मागे पडले, तेव्हा बाड्यावरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, एका दफ्तरातील वृद्ध कारकुनाने आपला कलमतराश, म्हणजे बोरू तासण्याचा चिमुकला चाकू, त्यांना दिला. एका माळ्याने डोळे अधू झाल्यावर गुलाबाच्या फांद्या छाटण्याचा वाकड्या पात्याचा चाकू आणून दिला. प्रत्येकाला जगदेवराव पाटावर बसवीत, चहा देत आणि विचारीत, "यानं काय काय केलं, तेवढं सांगा." मग तो माणूस बोलत राही आणि हे ऐकत राहत. मला वाटते, आयुष्यभर हातात वागवलेल्या वस्तूविषयी असा आदराने प्रश्न या माणसांना पूर्वी कोणी विचारलाच नव्हता. काही जण जाताना डोळे पुसत गेलेले मी पाहिले आहेत.

दर अमावास्येला पेटी उघडायची. प्रत्येक चाकू उघडायचा, मऊ फडक्याने पुसायचा, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, आणि उघडझाप करून पुन्हा ठेवायचा. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लवचीक पट्टी असते, तिला ते कमान म्हणत. पाते पुरते उघडले की ही कमान 'टक्' असा आवाज करून त्याला धरून ठेवते. तो आवाज आला की जगदेवराव म्हणत, "बोलला." आवाज मंद आला तर चेहरा चिंतातुर होई. "चाकू मिटून ठेवला की मरतो," असे त्यांचे मत होते. "त्याला उघडणारं कोणी हवं."

त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी मात्र त्या पेटीला कधी हात लावला नव्हता. मूलबाळ नव्हते, घरात दोघेच. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना त्या सांगत, "माझी सवत सागवानी पेटीत राहते. सवत माणूस असती तर दोन पोळ्या वाढून गप्प तरी केली असती!" धारेची वस्तू एकाने दुसऱ्याच्या हातात दिली की दोघांत भांडण होते, असा आपल्याकडे समज आहे. तो त्या घरात काटेकोर पाळला जाई. जगदेवरावांनी कधी पेरू कापून दिला, तर चाकू जमिनीवर ठेवायचा आणि बाईंनी तो उचलून धुवायला न्यायचा; हाताला हात लागू द्यायचा नाही.

एकोणीसशे सदतीसच्या श्रावणात जगदेवरावांना अर्धांगवायूचा झटका आला. प्राण वाचले, उजवी बाजू गेली. बोलणे हळूहळू परतले, पण उजवा हात मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून राहू लागला. आणि घडीचा चाकू ही अशी वस्तू आहे की तिला दोन हात लागतात: एकाने मूठ धरायची, दुसऱ्याच्या अंगठ्याचे नख पात्यावरच्या खाचेत अडकवून ओढायचे.

श्रावणातली अमावास्या आली. त्यांनी पेटी मागवली. नालबंदाचा चाकू गुडघ्यांत धरून डाव्या नखाने पाते ओढून पाहिले, मूठ निसटली. मग नालबंदासारखे दातांनी ओढून पाहिले. पण तोंडाचीही एक बाजू लुळी होती. पाते अर्ध्यापर्यंत आले, सुटले, आणि कमानीच्या जोराने उलटून त्यांच्या बोटावर मिटले. रक्त फार नव्हते. पण जगदेवराव भिंतीकडे तोंड करून पडले, आणि दोन दिवस त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही.

संभाजीराव समाचाराला आले. माणूस वाईट नव्हता. आपल्या समजुतीप्रमाणे हिताचेच बोलला. "जगदेवा, पावसाळ्याची हवा आहे. पेटीत सगळे गंजून जातील आणि तू रोज बघून झुरशील. कोणा शौकिनाला देऊन टाकू. घरात तलवारी आहेत, खंडेनवमीला तेवढ्या पुरेत."

जगदेवराव भिंतीकडेच पाहत म्हणाले, "न्या."

दाराआड उभ्या अनसूयाबाईंनी तो शब्द ऐकला. पुढे त्यांनीच मला सांगितले, "भाऊजी, ते चाकू न्या म्हणाले नाहीत हो. मला न्या, असं म्हणाले. मला तसंच ऐकू आलं." त्या बाहेर आल्या, पदर सावरला आणि दिरांना म्हणाल्या, "नवमी होऊ द्या. मग बघू. पूजेआधी घरातलं शस्त्र बाहेर जात नाही."

संभाजीरावांनी रूढीला मान दिला. ते गेल्यावर बाई पेटीपाशी बसल्या, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी झाकण उघडले. पहिला चाकू घेतला, खाचेत नख घातले आणि ओढले. नख तुटले.

पलंगावरून आवाज आला, "पातं ओढू नका. पातं धरून ठेवा, मूठ दूर न्या."

"एवढं कळतं तर तोंड इकडं करून सांगा ना!" बाई म्हणाल्या.

जगदेवराव वळले. त्या दिवशी एकही चाकू उघडला नाही, कारण राखेने भांडी घासून बाईंची नखे बोथट झाली होती. पण रात्रीचे जेवण मात्र जगदेवरावांनी घेतले.

मग अनसूयाबाईंनी उजव्या अंगठ्याचे नख वाढवायला घेतले. त्या काळी स्वयंपाक करणाऱ्या बाईने नख वाढवणे शिष्टसंमत नव्हते. विहिरीवर सुलोचनाबाई या थोरल्या शेजारणीने टोकलेच, "काय अनसूये, या वयात नखरे?"

"वहिनी, आमच्या घरात दोघांत मिळून एकच उजवा अंगठा आहे. त्याचे थोडे लाड होऊ द्या."

विहिरीवर हशा पिकला; पण त्यानंतर कोणी टोकले नाही. सुलोचनाबाईंनीच पुढे अनसूयाबाईंकडची जड भांडी घासायला आपली मोलकरीण पाठवायला सुरुवात केली.

नख वाढले, आणि भाद्रपदात पहिला चाकू उघडला. कलमतराशच होता तो, सर्वांत हलका. आता नवी अडचण उभी राहिली. पाते नीट बसले की नाही, कमान सैल झाली की काय, हे जगदेवरावांना हाताने चाचपून पाहायचे होते. आणि चाकू जमिनीवर ठेवला तर त्यांना वाकून उचलता येत नव्हता. बाई उघडा चाकू घेऊन क्षणभर थबकल्या.

"हातात दिला तर भांडण होतं म्हणतात," त्या म्हणाल्या.

"इतकी वर्षं न देता भांडलो," जगदेवराव म्हणाले, "आता देऊन बघू."

बाईंनी मूठ पुढे करून चाकू त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. त्या दिवसापासून रोज दुपारी हा क्रम सुरू झाला. बाई उघडत, पुसत, तेल सोडत, हातात देत. जगदेवराव चाचपून परत देत आणि त्या चाकूने आयुष्यात काय केले ते सांगत. अनसूयाबाईंनी या कथा पूर्वी ऐकल्या नव्हत्या, कारण पाहुण्यांसमोर त्या बाहेर येत नसत. जिला आपण सवत समजलो ते एक मोठे गोतावळ्याचे घर होते, असे त्यांना तेव्हा कळले. आवाजावरून चाकूची प्रकृती ओळखायलाही त्या शिकल्या. मी गेलो असता एकदा दोघे एकदम म्हणाले, "हा नीट बोलला नाही." मग एकमेकांकडे पाहून हसले.

खंडेनवमीला संभाजीराव पूजेला आले. चौरंगावर तलवारी होत्या आणि त्यांच्यापुढे लाल वस्त्रावर घडीचे सगळे चाकू उघडून मांडले होते. मिटलेल्या पात्याला गंध लावता येत नाही, म्हणून पूजेआधी चाकू उघडावे लागत, आणि ते त्या घरात पुरुषाचे काम मानले जाई. संभाजीरावांनी चाकूंकडे पाहिले, भावजयीच्या नखाकडे पाहिले, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बाईमाणसानं उघडलेली शस्त्रं पूजेला?"

पलंगावर तक्क्याला टेकून बसलेले जगदेवराव आजारानंतर प्रथमच स्पष्ट, सलग बोलले. "दादासाहेब, तो माझाच उजवा हात आहे. जरा दूर बसतो, इतकंच."

संभाजीरावांनी गंधाची वाटी उचलली आणि तलवारींच्या आधी चाकूंना गंध लावले. नालबंदाच्या चाकूपाशी ते थोडे अधिक थांबले. मग एक तलवार म्यानातून काढू लागले, तर ती निघेना. जोर केला, तरी निघेना. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "अनसूये, ते तेल जरा इकडं आणतेस का?" जगदेवराव डाव्या बाजूने इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. पेटी बाहेर नेण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्यानंतर जगदेवराव सुमारे सात वर्षे जगले. वैद्यांनी एका वर्षाचीही आशा दिली नव्हती. नालबंदाचा चाकू हातात आला की तो कपाळाला लावण्याची त्यांची जुनी सवय होती. पुढे पुढे ते प्रत्येकच चाकू कपाळाला लावू लागले. बाईंनी एकदा थट्टेने विचारले, "एवढे नालबंद कुठून आणलेत?"

"एकच," ते म्हणाले. "समोर बसलाय."

बाई पुढचा चाकू पुसू लागल्या. हे मला त्यांनी जगदेवराव गेल्यावर सांगितले, आणि सांगताना त्या रडल्या नाहीत. "फार मिळालं हो," एवढेच म्हणाल्या. ज्या आजाराने त्यांच्या घराचा अर्धा आधार ओढून नेला, त्याच्याविषयीही तक्रारीचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही; उलट तो नसता तर रोजच्या त्या दुपारी मिळाल्या नसत्या, असे त्या मानीत. या माऊलीपुढे मी मनोमन अनेकदा हात जोडले आहेत.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या थंडीत जगदेवराव निवर्तले. अनसूयाबाईंनी अंगठ्याचे नख काढले नाही. शेवटी डोळ्यांना नीट दिसेनासे झाले, तरी कानांवर भिस्त ठेवून त्या रोज दुपारी पेटी घेऊन बसत, आणि संभाजीरावांची मुलगी सुनंदा हिला शेजारी बसवून शिकवीत. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याही गेल्या.

तलवारी संभाजीरावांच्या घरी गेल्या. पेटी सुनंदाकडे खासगी बाजारातच आहे. मधल्या काळात दोन चाकू हरवले, आणि माळ्याच्या चाकूची मूठ तडकली आहे. बाकीचे सगळे उघडतात.