नाव काढण्याची खिडकी

विद्यापीठाच्या कचेरीत सात खिडक्या होत्या. सहा खिडक्यांपुढे लोक आत येण्यासाठी रांग लावत आणि सातवीपुढे बाहेर पडण्यासाठी. सातव्या खिडकीवरच्या पाटीवर 'प्रवेश रद्द' असं लिहिलं होतं, पण बोलताना सगळे तिला नाव काढण्याची खिडकी म्हणत. त्या खिडकीमागे बाई बसत. लोकांची मुलं दूर देशी जाऊन आईबापांचं नाव काढतात आणि आमची सून दिवसभर बसून त्यांचं नाव काढून टाकते, असं बाईंच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत. बाईंना घरी फार बोलायची सवय नव्हती, आणि ऑफिसात तशी गरज नव्हती.

काम सोपं होतं. फॉर्म घ्यायचा, ओळखपत्र जमा करून घ्यायचं, शिक्का मारायचा आणि कॉम्प्युटरवर नोंद करायची. विद्यार्थी परदेशी असेल तर नोंदीखाली एक छोटा चौकोन उमटे. त्यात बरोबरची खूण केली की ती माहिती परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आपोआप पोचायची. ते कार्यालय कुठे आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं आणि तिथला माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण बाई इकडे खूण करत आणि तिकडे कुणाचा तरी व्हिसा संपत असे. नंतर बाई चहा घेत.

अशी नऊ वर्षं गेली. दहाव्या वर्षी एक दाढीवाला विद्यार्थी आला. वय तिशीचं, लग्न झालेलं, रसायनशास्त्र शिकत होता. विषय मानवला नाही म्हणून त्याला गावातल्याच दुसऱ्या कॉलेजात जायचं होतं. माणूस हसतमुख होता, फॉर्म नीट भरलेला होता. बाईंनी शिक्का मारला, चौकोनात खूण केली आणि त्याला शुभेच्छाही दिल्या, ज्या त्या सहसा देत नसत.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा खिडकीशी आला. या वेळी हसत नव्हता. नवं कॉलेज म्हणत होतं, तुमचा व्हिसाच उरलेला नाही, तुम्हाला घ्यायचं कसं. त्याने पासपोर्ट उघडून दाखवला. त्यात पुढच्या वर्षाची तारीख स्वच्छ छापलेली होती. बाईंनी त्याला सांगितलं की ती तारीख नाव पटावर असेपर्यंतच खरी. नाव गेलं की तारीख नुसती छपाई. आधी नव्या कॉलेजात कागद बदलून घ्यायचे असतात आणि मग जुन्या ठिकाणचं नाव काढायचं असतं.

"हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?" त्याने विचारलं.

"माहीत होतं. तुम्ही विचारलं नाहीत."

"काय विचारायचं असतं तेच मला माहीत नव्हतं."

तो ओरडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्यांसाठी शेजारी तक्रारपेटी होती. त्याने पासपोर्ट खिशात घातला, आभार मानले आणि दहा दिवसांत बायकोला घेऊन देश सोडून गेला.

बाईंनी ही गोष्ट घरी यजमानांना सांगितली. यजमान शिवणयंत्रं दुरुस्त करत. त्यांनी जेवता जेवता ऐकून घेतलं. ते म्हणाले, माझ्याकडे लोक येतात ते सुई बदलून द्या म्हणून, आणि बिघाड असतो पट्ट्यात. त्यांना पट्टा ठाऊकच नसतो, तो आपणच बघायचा. एवढं बोलून ते हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांकडे गेल्या. फॉर्म घेताना परदेशी विद्यार्थ्यांना दोन शब्द सांगितले तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. साहेब भले गृहस्थ होते, पण ताकही फुंकून पिणारे. व्हिसाबद्दल बोलण्याचा अधिकार फक्त सल्लागारांना, ते तिसऱ्या मजल्यावर मंगळवारी आणि गुरुवारी अकरा ते एक बसतात, आपण चुकीचं काही बोललो तर उद्या विद्यापीठावर येईल, हे त्यांनी समजावून सांगितलं. आणि बाईंच्या मनातून विचार जावा म्हणून खिडकीच्या काचेवर एक सूचना लावून दिली: 'येथे व्हिसाबाबत सल्ला मिळणार नाही.'

बोलायला बंदी झाली. पण फॉर्म परत करायला बंदी नव्हती.

बाईंनी फॉर्म वाचायला सुरुवात केली. परदेशी विद्यार्थ्याचा फॉर्म निळ्या शाईत असला की त्या म्हणत, काळ्या शाईत भरून मंगळवारी आणा. काळ्या शाईत असला तर सही चौकटीबाहेर गेलेली असे. सही चौकटीत असली तर तारखेतला महिना अक्षरी हवा असे. कारण कोणतंही असो, यायचं मंगळवारी किंवा गुरुवारी अकरानंतर, आणि त्या वेळी बाईंकडे गर्दी असल्यामुळे तोवर तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसायचं. तिथे बाकं चांगली आहेत, असं त्या सांगत. बाकं साधीच होती. पण तिथे बसलेल्या माणसाला सल्लागार विचारत, तुमचं काय काम, आणि निम्म्याहून जास्त लोक खाली येत तेव्हा त्यांच्या हातात वेगळा फॉर्म असे.

विद्यार्थ्यांमध्ये बाईंचं नाव 'काळी शाई' पडलं. त्या सरळ माणसाला नागमोडी चालवतात, असा त्यांचा लौकिक झाला. वार्षिक आढाव्यात सर्वांत जास्त फॉर्म परत करणारी खिडकी म्हणून सातव्या खिडकीचा उल्लेख आला. साहेबांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, मुलं हल्ली लक्ष देऊन लिहीत नाहीत. साहेबांच्या घरी दोन मुलं होती. त्यांना ते पटलं.

हे सहा वर्षं चाललं.

मग एका बुधवारी पुलांचं बांधकाम शिकणारी एक मुलगी आली. तिसरं वर्ष, वर्गात पहिल्या पाचांत. तिच्या वडिलांचं अंग एका बाजूने लुळं पडलं होतं. भावाचा फोन आला होता, ताबडतोब निघ. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं होतं. ती रडत नव्हती, रडून झालेलं दिसत होतं. तिने फॉर्म पुढे सरकवला.

बाईंनी तो वाचला. शाई काळी. सही चौकटीच्या मधोमध. महिना अक्षरी. खाडाखोड नाही. फोटोही हल्लीचा. बाईंनी मागची बाजू उलटून पाहिली. तिथेही सगळं बरोबर होतं. सोळा वर्षांच्या नोकरीत इतका निर्दोष फॉर्म त्यांनी पाहिला नव्हता, आणि तो नेमका आज यावा याचा त्यांना थोडा रागही आला. परत करायला काहीच कारण नव्हतं. गुरुवारपर्यंत थांब म्हणावं, तर गुरुवारी अकरा वाजता मुलगी आकाशात असणार.

बाईंनी शिक्का उचलला आणि परत खाली ठेवला.

"वडील बरे झाले की परत यायचंय का तुला?"

"यायचंय ना. माझा व्हिसा दोन वर्षांचा आहे अजून."

"नाही. मी ही खूण केली की तो संध्याकाळपर्यंत संपेल."

मुलीला भावाने सांगितलं होतं की पद्धतशीर नाव काढून ये, मागे काही कटकट नको. काचेवरच्या सूचनेच्या बरोबर मागे बसून बाईंनी तिला सगळं समजावलं. नाव काढायचं नाही, रजा मागायची. घरच्या आजारपणासाठी चार महिन्यांपर्यंत रजा मिळते. त्यावर विभागप्रमुखांची आणि सल्लागारांची सही लागते, आणि ती निघण्याच्या आधी लागते. नंतर लाख कागद पाठवले तरी उपयोग नाही. मुदतीत परत आलीस तर व्हिसा जागच्या जागी.

मुलगी म्हणाली, ती सकाळीच विभागात निरोप घ्यायला गेली होती, प्रमुख आज येणार नाहीत.

बाईंनी ड्रॉवरमधून 'बंद आहे' ही पाटी काढली. ती इतकी नवीकोरी होती की तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता. पाटी काचेला टेकवून बाई उठल्या. रांगेत नऊ माणसं होती. त्यांना वाटलं, बाई चहाला चालल्या.

आधी तिसरा मजला. सल्लागार खोलीत होते, पण बसलेले नव्हते. म्हणजे खुर्चीत बसून डबा खात होते, पण तो दिवस बुधवार असल्यामुळे ते बसलेले धरले जात नव्हते. त्यांनी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, मग खाता खाता सही करा, ती बसून केली असं कोण म्हणतंय. सल्लागारांनी मुलीने तिथेच भरलेला रजेचा अर्ज वाचला, डब्याचं झाकण लावलं आणि सही केली. मात्र विभागप्रमुखांच्या सहीशिवाय ही सही म्हणजे बिनचाकाची गाडी, हेही सांगितलं.

विभागप्रमुख कुठे आहेत हे विभागातल्या शिपायाला ठाऊक होतं. दात काढायला गेले होते, दोन चौक पलीकडे. बाई आणि मुलगी चालत निघाल्या. वाटेत बाईंनी एकच विचारलं, वडील बोलू शकतात का. मुलगी म्हणाली, बोलतात, पण भावाला कळत नाही. मला कळलं असतं.

दवाखान्यात विभागप्रमुख बाहेरच्या बाकावर बसले होते. दाढ सुन्न करणारं इंजेक्शन देऊन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं होतं. अर्धा चेहरा निर्जीव. ते तास तास बोलणारे म्हणून प्रसिद्ध होते, पण आज त्यांना 'हं'च्या पलीकडे काही जमत नव्हतं. बाईंनी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मुलीकडे पाहिलं, अर्धा चेहरा हलवून काहीतरी म्हटलं, जे दोघींनाही समजलं नाही, आणि सही केली. ती थोडी तिरकी आली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि नेहमीच्या सहीसारखीच आहे असं ठरवलं.

खिडकी एक तास पन्नास मिनिटं बंद होती. रांगेतल्या एका गृहस्थांनी घड्याळ लावून ते मोजलं आणि तशी तक्रार लिहून पेटीत टाकली.

साहेबांनी बाईंना बोलावलं तेव्हा त्यांच्यासमोर तक्रार होती, आणि शेजारी काचेवरची सूचना काढून आणून ठेवलेली होती.

"तुम्ही तिला सल्ला दिलात?"

"दिला."

"बरोबर दिलात का?"

"सल्लागारांनी त्यावर सही केली आहे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, बाई, सल्ला बरोबर होता, त्याबाबत मी तुम्हाला वाचवू शकतो, खिडकी बंद ठेवली त्याबाबत नाही. बाईंची बदली ओळखपत्रांच्या खिडकीवर झाली. तिथे नव्या विद्यार्थ्यांचे फोटो काढायचे असत. सातवीवर एक तरुण कारकून आला. तो झपाझप काम करी आणि कुणाचा फॉर्म कधी परत करत नसे. बाईंना ते दुरून दिसे. पहिला आठवडा त्यांना जेवण गेलं नाही. सासूबाईंनी तेवढ्यात वैद्याकडे न्यायचा घाट घातला होता.

पण ताक फुंकून पिणाऱ्या माणसाचाही उपयोग असतो. असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून साहेबांनी फॉर्मच बदलला. वर एक ओळ आली: 'परदेशी विद्यार्थ्यांनी सल्लागारांची सही आणल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही.' सल्लागारांना आठवड्याचे पाचही दिवस बसावं लागलं. त्याबद्दल ते बाईंशी दोन महिने बोलले नाहीत.

पुलांची मुलगी मुदत संपायच्या सहा दिवस आधी परत आली. ओळखपत्राची तारीख उलटली होती, म्हणून तिला बाईंच्याच खिडकीवर यावं लागलं. वडील आता काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात, असं तिने सांगितलं. बोलणं अजून जड आहे, पण भावाला रागावतात तेव्हा एकेक शब्द स्पष्ट येतो. त्यांनीच तिला विमानात बसवलं. एक महिना जास्त राहते म्हणाली, तर त्यांनी कॅलेंडर काढून दाखवलं.

बाईंनी मान डोलावली. मागे रांग होती. त्यांनी मुलीला स्टुलावर बसवलं आणि हनुवटी जरा वर करायला सांगितली. पहिल्या फोटोत डोळे मिटले गेले. दुसरा बरा आला. कार्ड तीन दिवसांत मिळेल, असं त्यांनी तिला सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं.