खराऱ्याच्या तळ्याकाठी सासूबाई

सासरे गेले आणि आम्ही सासूबाईंना व्हिजिट व्हिसावर रियाधला आणलं. त्या रायगडच्या खाडीकाठच्या. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. इथे अल मलाझमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या टाक्या तेवढ्या दिसायच्या. दोन महिन्यांत त्या जेमतेम चारदा खाली उतरल्या असतील. आग्रह केला की म्हणायच्या, "बाहेर बघायचं काय गो? सगळी धूळच."

त्या हिवाळ्यात सलग तीन दिवस पाऊस पडला. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, खराऱ्याचं तळं भरलंय. शहराबाहेर लाल वाळूच्या टेकड्यांमध्ये एक सखल जागा आहे. चांगला पाऊस झाला की तिथे पाणी साठतं आणि काही आठवड्यांत आटून जातं. नवरा कामासाठी अल-खोबरला गेला होता. शुक्रवारी सकाळी मी पोळ्या-भाजीचा डबा भरला, नऊ वर्षांच्या लेकीला उठवलं आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, चला, पाणी बघून येऊ."

त्या चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

तासाभरात शेवटची टेकडी ओलांडली आणि समोर तळं दिसलं. गढूळ, तांबूस, वाऱ्याने बारीक लाटा उठलेल्या. काठाने चटया टाकून कितीतरी कुटुंबं बसली होती. "आजी, लुक! बीच है!" लेक ओरडली. मला गाडी अगदी पाण्याजवळ न्यायची होती.

"इथेच थांबव," सासूबाई म्हणाल्या. "पुढे रंग बदललाय. वरून सुकं दिसतं, खाली चिखल आहे."

"आई, जमीन कडक आहे," म्हणत मी गाडी पुढे घेतली. दहा-बारा हातांवर पुढची चाकं रुतली. मी जोरात ॲक्सिलरेटर दाबला तशी ती आणखी खाली गेली. मला रडूच येऊ लागलं.

सासूबाईंनी दार उघडलं. साडी वर खोचून उतरल्या, चाकाशी बसून हाताने चिखल ओढू लागल्या. "डिकीतली चटई आण. नि तू आता गाडीला हात लावू नको." आम्ही दोघींनी चटई चाकांच्या मागे सारली. एवढ्यात शेजारच्या चटईवरचा एक सौदी गृहस्थ दोर घेऊन आला. वाकून त्याने सासूबाईंचं काम पाहिलं आणि मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "मामा सब मालूम!" मामा म्हणजे त्यांच्याकडे आई. मग आपली पिकअप मागे घेऊन दोर बांधला. "यल्ला!" म्हणत त्याने पिकअप पुढे काढली. गाडी हळूहळू सरकत बाहेर आली.

त्याची म्हातारी आई गालिच्यावर बसली होती. तिने हात धरून सासूबाईंना शेजारी बसवलं, कोपरापर्यंतचा चिखल पाहून हसली आणि स्वतः पाणी ओतून त्यांचे हात धुतले. मग खजूर आणि कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी बराच वेळ बोलणं चाललं होतं. सासूबाई बोटं रुतवून तिसऱ्या कशा शोधतात ते दाखवत होत्या आणि ती म्हातारी मान डोलावत होती.

नंतर सासूबाई माझ्या लेकीला घेऊन पाण्यात उतरल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी लेकीने पाणी उडवलं तशा त्या खळखळून हसल्या, आणि लगेच तोंडावर पदर घेऊन थोडं रडल्याही. मी काठावरच थांबले.

परत येताना मी म्हटलं, "आई, तुमचं ऐकायला हवं होतं."

"चिखल घरात बसून कळत नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पुढच्या शुक्रवारी किती वाजता निघायचं?"

तळं आटेपर्यंत आम्ही आणखी चार शुक्रवार गेलो. दर खेपेला पाणी थोडं मागे हटलेलं असायचं. आधी त्या पायाने जमीन चाचपून बघायच्या, मग हात वर करून मला खूण करायच्या, आणि तिथेच मी गाडी उभी करायचे.