फोटोवाल्यांची विजेची मोटार

ओळखपत्राचे फोटो काढण्यात फोटोवाल्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ‘हनुवटी जरा वर’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की बायको रुसून बसली तरी तोंडून तेच निघायचं. पण एका कलेवर समाधान मानेल तो माणूस कसला. पन्नाशीत शिरल्या शिरल्या फोटोवाल्यांना मोटारीतलं कळू लागलं. म्हणजे कळतं असं त्यांना वाटू लागलं, आणि त्यांच्या मते हे एकच होतं.

भंगारवाल्याकडे एक नवीकोरी विजेची मोटार आली होती. खांबावर आपटून तिचं तोंड चेपलं होतं, पण पोटातली बॅटरी शाबूत होती. फोटोवाल्यांनी बॅटरी घरी आणली, तिचे डबे एकेक करून सुटे केले आणि बायकोच्या शिवणाच्या खोलीत फळ्यांवर मांडले.

“दोन महिन्यांचा प्रश्न आहे,” ते म्हणाले.

त्या दोन महिन्यांना आता तिसरं वर्ष लागलं होतं. बायको जेवणाच्या टेबलापाशी पाय मुडपून मशीन चालवायची. मापं द्यायला आलेली गिऱ्हाइकं फ्रिजला टेकून उभी राहायची, आणि आत डबे ऐसपैस पहुडलेले. त्यांना ऊन लागू नये म्हणून खिडकीला पडदा होता. तोही बायकोनेच शिवलेला.

बॅटरीबरोबर तिचा मेंदू म्हणून एक डबी आली होती. तिने अपघात मनाला इतका लावून घेतला होता की ती वीज सोडायलाच तयार नव्हती. “आता काही होणार नाही, उघड बाई,” असं फोटोवाले तिला समजावताना बायकोने स्वतःच्या कानांनी ऐकलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या आवाजात ते तिच्याशी एकदाही बोलले नव्हते. शेवटी डबी गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. हिला भूतकाळ नव्हता.

या सगळ्या काळात बायकोने एकच गोष्ट मागितली. वीज गेली की शिवण अडतं, तेव्हा मशीनसाठी एक डबा मला द्या. फोटोवाल्यांना एकही डबा सोडवेना. पण सगळ्या डब्यांत एक आजारी होता, कोपऱ्याला पोचा आलेला. मोजयंत्र लावलं की तो इतरांइतकाच जोर दाखवायचा, आणि काम सांगितलं की थोड्या वेळात मान टाकायचा. फोटोवाल्यांनी उदार मनाने तोच उचलला.

“हा घे. एकदम तंदुरुस्त.”

“बाकीच्यांसारखाच ना?”

“सगळे सारखेच. एका आईची लेकरं.”

आजारी डब्यावर खूण करावी असं त्यांच्या मनात आलं होतं. पण खूण केली तर खूण कसली ते सांगावं लागलं असतं.

यथावकाश त्यांच्या जुन्या पांढऱ्या मोटारीतून इंजिन बाहेर पडलं आणि विजेचं यंत्र आत बसलं. आता डबे मागच्या सीटखाली चढवायचे तेवढे राहिले होते. बायकोची बहीण टेकडीवर राहायची. तिचा नवरा, म्हणजे फोटोवाल्यांचा साडू, मोटार पाहून म्हणाला होता, “छान आहे. कपडे ठेवायला कपाट म्हणून होईल.” ते वाक्य फोटोवाल्यांना झोपू देत नव्हतं.

बायको म्हणाली, “रविवारी ताईकडे जाऊ या. या मोटारीच्या बळावर वर पोचलो, तर खोली कायमची तुमची. नाही पोचलो, तर सोमवारी माझं मशीन आत.”

फोटोवाले लगेच हो म्हणाले. खोलीत कायमचा कारखाना, दाराबाहेर पाटी, साडूचं उतरलेलं तोंड, सगळं त्यांना दिसू लागलं. डबे चढवताना त्यांनी प्रत्येकाला मोजयंत्र लावलं. सगळे सारखाच जोर दाखवत होते. आनंदाच्या भरात ते शीळ घालत होते.

रविवारी मोटार आवाज न करता निघाली. आवाजाची कसर फोटोवाल्यांनी भरून काढली. बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती. टेकडी लागली, साडूचं फाटक दिसू लागलं, बॅटरीचा काटा अर्ध्याच्या वर होता, आणि शेवटच्या वळणावर मोटार शांतपणे उभी राहिली.

डब्यांची माळ असते, आणि त्यातला एक रिकामा झाला की राखणीला बसलेली ती मेंदूची डबी सगळ्यांचीच वीज तोडते. बाकीचे काठोकाठ भरलेले असले तरी. फोटोवाल्यांनी सीट उचलली, एकेक डबा तपासला आणि मान टाकलेल्याच्या कोपऱ्यावर त्यांना ओळखीचा पोचा दिसला.

“हा इथे कसा?”

“हा होय?” बायको म्हणाली. “चादरी शिवताना दोनदा दमला बिचारा. म्हणून फळीवरचा दुसरा घेतला आणि याला तिथे ठेवलं. सगळे सारखेच आहेत ना?”

तिच्या चेहऱ्यावर ना हसू होतं, ना राग. ओळखपत्रासाठी असाच चेहरा करा म्हणून फोटोवाले जन्मभर लोकांच्या मागे लागले होते. इतका अचूक चेहरा त्यांना कुणीच करून दाखवला नव्हता.

एव्हाना साडू दोरी घेऊन सावकाश खाली आला होता. “काय हो, डब्याडब्यांत फरक असतो का?” त्याने विचारलं.

असतो म्हणावं, तर बायकोपुढे लबाड. नसतो म्हणावं, तर मोटारच कुचकामी. फोटोवाल्यांनी दोन्हींचा विचार केला.

“तुमचा चढच जरा जास्त आहे,” ते म्हणाले.

“बरोबर. आम्ही घर घेतलं तेव्हा नव्हता,” साडू दोरी बांधत म्हणाला आणि आपली पेट्रोलची मोटार काढायला गेला.

दोरीमागे मोटार चढू लागली. फोटोवाले स्टिअरिंग घट्ट धरून असे बसले होते, जणू तेच चालवत होते. शेजारी बायकोने पर्समधून मापाची टेप काढली आणि बोटांभोवती गुंडाळत विचारलं, “मशीन खिडकीखाली बरं दिसेल, की दाराजवळ?”

“खिडकीखाली,” फोटोवाले पुटपुटले. “उजेड येतो.”

“पडदा मात्र राहू दे. चांगला शिवलाय.”

फाटकात मेहुणी फोन समोर धरून वाटच पाहत होती. दोरी, पेट्रोलची मोटार, विजेची मोटार, सगळं एका चौकटीत मावावं म्हणून ती चार पावलं मागे सरकली. फोटोवाल्यांनी मान खाली घातली.

बायकोने त्यांच्या कोपराला हलकेच धक्का दिला.

“अहो,” ती म्हणाली, “हनुवटी जरा वर.”